बिनरंगाची गाभुळी

मी लावलेली लिपस्टिक माझ्या ओठांवर नाहीच, हे मला पहिल्यांदा गौराक्कानं सांगितलं, आणि मी तिच्यावरच चिडले.

सकाळचे दहा वाजले होते. आमच्या शेडरूमच्या उत्तरेकडच्या खिडकीतून सपाट, बिनसावलीचा उजेड येत होता. इचलकरंजीत कापड रंगवणारे कारखाने पुष्कळ. पण मागितला तोच रंग उतरला की नाही, हे माणसाच्या उघड्या डोळ्यानं ठरवणारी खोली आता एवढी एकच उरली आहे. तिथं आम्ही दोघी. मी, त्रिशला मगदूम, रंग पास करणारी. आणि गौराक्का, कापडाचे तुकडे कापून, नंबर टाकून माझ्यापुढं मांडणारी. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, जिभेनं त्याहून जास्त.

खोलीच्या दारात एक पांढरी पेटी असते. आत येणाऱ्यानं डोळ्यांतली भिंगं काढून तिच्यात ठेवायची, मग तो मालक का असेना. भिंगं येऊन आता नऊ वर्षं झाली. बुबुळावर बसणारी पातळ चकती, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. पण बसची पाटी तीच वाचून दाखवते, समोरच्याचं नाव तीच सांगते, अंधाऱ्या बोळात उजेड तीच पाडते. आणि न विचारता आणखी एक काम करते: मळका रंग उजळ करते, फिकटाला भरीव करते. रस्त्यात चालणाऱ्याला ते सुखाचं असतं. रंग जुळवणाऱ्याला ते विष. भिंगातून बघितलं की सगळेच तुकडे जुळतात.

"त्रिशला, आज ओठ मोकळेच?" गौराक्का कात्री चालवता चालवता म्हणाली.

"मोकळे कसले? आत्ता रिक्षातनं उतरताना लावलीय. नवी कांडी, कालच आली."

"मग रिक्षातच पडली असंल."

"गौराक्का, चष्मा बदल तुझा."

"मला चष्मा न्हाई. आन् भिंग तर मी जन्मात घातलं न्हाई. मोकळे हाईत म्हणजे मोकळे हाईत."

शेडरूममध्ये आरसा नसतो. त्याचा उजेड रंगात मिसळतो. मी पर्समधून कांडी काढली. डबी तीच, नाव तेच, सोनेरी पट्टी तीच. ब्लीच केलेल्या पांढऱ्या तुकड्यावर मी ती जोरात ओढली. डाग पडला नाही. नुसता तुपकट ओलावा, पुसलेल्या ताटासारखा.

मग मी तो तुकडा दिव्यांच्या पेटीत सरकवला. या पेटीत पाच तऱ्हेचे दिवे असतात: दिवसाचा उजेड, दुकानाची ट्यूब, घरातला बल्ब, संध्याकाळ, आणि शेवटचा जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा. पहिल्या चार दिव्यांत काही नव्हतं. पाचवा लावला आणि पांढऱ्या कापडावर निळे ठिपके उमटले. बारीक, ओळीनं, चौकटीत बसवलेले. जणू कुणी टाचणीनं पत्ता लिहून ठेवला होता.

गौराक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. "अगं बया, ही लाली हाय का रेशनकार्ड?"

मला हसू आलं नाही.

*

गाभुळी म्हणजे काय, हे ज्यानं चिंचेच्या झाडाखाली दुपार काढली नाही त्याला सांगणं कठीण. चिंच कच्ची असते तेव्हा हिरवी आणि दात आंबवणारी. पिकते तेव्हा काळपट आणि मऊ. पण मध्ये थोडे दिवस असे येतात की टरफल सुटू लागलेलं असतं, गर अजून घट्ट असतो, आणि त्याचा रंग ना तांबडा ना तपकिरी. त्या दिवसांतली चिंच गाभुळी. मोहर कंपनीनं तो रंग कांडीत धरला होता, आणि मी तो पहिल्या पगारापासून, बावीस वर्षं, ओठांवर धरला होता.

माझे बाबा रंगमास्तर होते. मी गाभुळी घरी आणली त्या दिवशी त्यांनी नखावर ओढून खिडकीत नेऊन बघितली. म्हणाले, "तीन भाग विटकरी, एक भाग जांभळा, आणि कणभर काळा. तो काळा कुणाला दिसत नाही, पण त्याच्यामुळं हा रंग लबाड होत नाही. वापर." बाबांनी पास केलेली ती माझी पहिली आणि शेवटची हौस.

लबाड रंग म्हणजे काय, तेही त्यांनीच शिकवलं. वस्तूत रंग नसतो. तिच्यावर उजेड पडतो, त्यातला काही ती गिळते, काही परत फेकते. आपल्या डोळ्यात तीनच जातीच्या चाळण्या. परत आलेल्या उजेडाचं माप त्या तीन आकड्यांत घेतात आणि मन म्हणतं, तांबडं. म्हणूनच दोन अगदी वेगळ्या मिश्रणांचे तीन आकडे एका दिव्याखाली सारखे येऊ शकतात, आणि दुसऱ्या दिव्याखाली फाकतात. दुकानात जुळलेला ब्लाउज अंगणात वेगळा दिसतो तो त्यामुळं. बाबा अशा रंगाला फितूर म्हणायचे. पण फितूर झाला तरी तो रंग असतो. ही नवी कांडी फितूरही नव्हती. ती रिकामी होती.

दुपारी मी कंपनीला फोन लावला. पलीकडून यंत्राचा आवाज आला, मधात बुडवलेला.

"नमस्कार त्रिशलाताई, मी मोहर परिवारातून मोहिनी. कशी मदत करू?"

"गाभुळीत रंगच नाही."

"ताई, गाभुळी तीच आहे. फक्त आता अधिक हलकी झालीय."

"किती हलकी? शून्य ग्रॅम?"

"आपण भिंगं तपासून घेतलीत का?"

"भिंगं काढूनच बघितलं."

पलीकडं क्षणभर शांतता पसरली. यंत्राला विचार करायला वेळ लागत नाही. ती शांतता मुद्दाम ठेवलेली असणार. मग मोहिनीनं, डॉक्टर जसं कुठं दुखतंय विचारतात तसं, हळू विचारलं, "ताई, भिंगं काढून का बघितलंत?"

मी फोन ठेवला.

डबीच्या आत घडी घातलेला कागद होता. तो कुणी वाचत नाही, मी वाचला. त्वचेला रंगद्रव्यांचा त्रास होतो, म्हणून ती काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी अदृश्य खुणा. बघणाऱ्याचं भिंग त्या खुणा वाचतं आणि तिथं रंग भरतं. भिंतीवरचा आरसा आता काच नसून पडदाच असतो, तोही भरतो. फोनही भरतो. आणि सगळ्यांत खाली, मुंगीच्या अक्षरात: छटा बघणाऱ्याच्या आवडीनुसार आपोआप खुलते.

आवड कशी कळते, ते मला ठाऊक होतं. आवडलेलं दिसलं की माणसाची बाहुली मोठी होते. मोठी होते ते त्याला कळत नाही, पण तिच्यावर बसलेल्या भिंगाला कळतं.

म्हणजे माझ्या ओठांवर मी निवडलेला रंग नव्हता. ज्याच्या त्याच्या डोळ्यातला होता. बाजारात पन्नास माणसं मला बघत असतील तर पन्नास रंग. त्यांचं मला काही नव्हतं. पण एका माणसाचं होतं.

*

माझे यजमान भरतेश यंत्रमागाचे जोडारी. माग बिघडला की तो खोलून पुन्हा जोडणारे. मागाचा खटखटाट दुरून ऐकून कुठला दात झिजलाय ते सांगतात. लेक शिकायला धारवाडला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि संध्याकाळचा चहा हाच आमचा दरबार.

त्या दिवशी मी जुन्या डबीतला तळाचा थोडासा रंग वरच्या ओठाला लावला, आणि खालच्या ओठाला नवी कांडी. एक ओठ चिंचेचा, एक कोरा. पडद्याच्या आरशानं मला दोन्ही ओठ अगदी एकसारखे दाखवले, खोटं बोलणाऱ्या पोरासारखे निवांत. मी चहा घेऊन गेले.

"अहो, बघा जरा."

"बघितलं की. झकास."

"वरचा ओठ का खालचा?"

"आता ओठात पण वरचा-खालचा आला? दोन्ही झकास." आणि बशीत चहा ओतून फुंकर मारू लागले.

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, भिंगातून बघतोय बिचारा, त्याला काय दिसणार. मला तसं म्हणता येईना. कारण भरतेशचा डोळा काय आहे हे आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत होतं.

रंगमास्तरांच्या घरात जावई बघायची एक रीत होती. पोहे झाले, पगार-शिक्षण विचारून झालं, की मुलीचा बाप खिशातून कापडाचे तीन तुकडे काढायचा आणि मुलाला म्हणायचा, यातली जोडी सांगा. दोन तुकडे एका रंगाचे, तिसरा केसभर वेगळा. चुकलं तरी लग्न मोडत नसे, पण जन्मभर टोमणे बसत. माझ्या आधी आमच्या घरात आलेले तिन्ही जावई चुकले होते. भरतेशनी तीन मरून तुकडे हातात घेतले आणि काय केलं? डोळे मिटले. चक्क मिटले, आणि दोन तुकडे काढून बाबांच्या हातात दिले. बरोबर जोडी. बाबा खुर्चीवरून उठलेच. "एकदा बघून घेतलं आणि डोळे मिटून जोडी लावली! याला म्हणतात नजर!" नंतर शेवटपर्यंत ते ज्याला त्याला ही गोष्ट सांगत राहिले.

अशा नजरेच्या माणसाला स्वतःच्या बायकोचा एक ओठ कोरा आहे हे कळू नये? भिंग झोपताना तरी काढतातच ना, तेव्हा तरी नीट बघत असतील? पण मग आठवलं. यांचे भिंगं काढलेले डोळे मी कधी बघितलेच नव्हते. न्हाणीघरात जाऊन काढायचे, दिवा मालवून बाहेर यायचे. सकाळी मी उठायच्या आत पुन्हा घातलेली. आणि महिन्यातनं दोन गुरुवार सांगलीला, मागाचे सुटे भाग आणायला. सुटे भाग तर इथंच गल्लीच्या तोंडाला मिळतात.

संशय आधी केसासारखा असतो. डोळ्यात गेला की मग तो एकच दिसतो.

*

"तुला म्हणून सांगते," गौराक्का दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आमच्या शेजारणीच्या पोरीचं काय झालं ठावं हाय? नवरा लई प्रेमानं वागायचा. एकदा म्हणं त्यानं तिला भलत्याच नावानं हाक मारली. धुंडाळलं तर काय, भिंगात मुखवटा घातलेला. बायकोच्या तोंडावर दुसरीचं तोंड. सिनेमातली न्हाई, त्याच्या हापिसातली."

"गप बस गं."

"मी गप बसते. पण तू इचार."

ती पुन्हा कात्री चालवू लागली, आणि नेहमीसारखी गुणगुणू लागली, तिची ती जुन्या चालीची ओवी:

रंगाला रंग मिळे, पाण्याला मिळे पाणी
मनाची गं जोडी, उन्हामंदी कोण आणी

रोजची ओवी. त्या दिवशी ती मला सुईसारखी टोचली.

घरी गेले तर भरतेश परसात जास्वंदीपाशी उभे राहून फोनवर बोलत होते. पाठमोरे. पलीकडं त्यांची थोरली बहीण, माझ्या राजमतीवन्सं, हे मला आवाजाच्या ठेवणीवरून कळलं. बहिणीशी बोलताना ते अजून लहान होतात.

"न्हाई आक्का, न्हाई सांगितलं. आता वीस वर्सांनी काय तोंडानं सांगू? ... तिला कळलं तर? ... न्हाई, काढून बघवत न्हाई गं मला तिच्याकडं. भिंगात दिसतीय तेच बरं हाय."

मी दारातच उभी राहिले. काढून बघवत नाही. भिंगात दिसते तेच बरं. पायाखालची फरशी हलली असं लोक म्हणतात. तसं काही झालं नाही. फरशी होती तिथंच राहिली, फक्त माझी राहिली नाही.

तेव्हा मला कळलं की मी दोन दिवस लिपस्टिकसाठी रडत नव्हते. एवढी वर्षं मला एकच गोष्ट धरून ठेवायची होती, की हा माणूस बघतो ती मी आहे. ती गोष्ट खरी आहे की नाही हे शोधून काढल्याशिवाय मला आता घास गिळवणार नव्हता.

*

शुक्रवारी मी डबा मुद्दाम घरी विसरले. दुपारी एकला भरतेश तो घेऊन शेडरूमच्या दारात आले.

त्याआधी मी जुनी डबी काढली होती. काडेपेटीच्या काडीनं तळ खरवडून, शेवटचा कण न् कण गोळा करून, दोन्ही ओठांवर गाभुळी लावली होती. आता ती जगात कुठंच उरली नव्हती. यांनी उघड्या डोळ्यांनी एकदा बघावी, एवढ्यासाठी मी ती संपवली.

"हा घे. जातो मी."

"आत या."

"कशाला? माग खोलून ठेवलाय तिकडं."

"भिंगं पेटीत ठेवा आणि आत या."

त्यांनी पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गौराक्काकडं बघितलं. गौराक्का उठली. "मी च्या पिऊन येते," म्हणाली. दारातून जाताना पुढं म्हणाली, "दोन कप पिते."

भरतेशनी भिंगं काढली. हात जोडाऱ्याचा, लोखंड पेलणारा. त्यानं एकेक भिंग जपून पेटीत ठेवलं. आत आले आणि डोळे बारीक करून उभे राहिले, परक्या गावच्या स्टँडवर उतरल्यासारखे.

टेबलावर मी तीन तुकडे मांडले होते. "यातली जोडी सांगा."

ते कसनुसं हसले. "आता काय पुन्हा लगीन करतीस?" आणि डोळे मिटून त्यांनी हात पुढं केला.

"डोळे उघडे ठेवून. आणि हात न लावता."

हात हवेतच थांबला. मग त्यांनी डोळे उघडले आणि तुकड्यांकडं बघत राहिले. किती वेळ. रस्ता विसरलेला माणूस तिठ्यावर बघतो तसे. शेवटी म्हणाले, "डावीकडचा... आन् मधला."

डावीकडचा मरून होता. उजवीकडचा मरून होता. मधला शेवाळी हिरवा होता. मी या वेळी केसभर फरक ठेवलाच नव्हता. शाळेत न जाणारं पोरही चुकलं नसतं.

मी खिडकीकडं तोंड केलं. "माझ्या ओठांकडं बघा. काय रंग आहे?"

"त्रिशला, जाऊ दे."

"काय रंग आहे?"

"राख." ते खाली बघून म्हणाले. "राखेत पाणी पडल्यावर होतंय तसलं. पहिल्या दिवसापास्नं तसंच दिसायचं. लोकं म्हणायची बायको काय झकास लाली लावती, मी म्हणायचो हो."

"आणि ते तीन तुकडे? बाबांचे?"

"दोन एकाच मागावरचे होते. बोटाला कळलं. तिसऱ्याचा ताणा वायला होता, जरा सैल. मी काय रंग बघितलाच न्हाई. खरं सांगणार होतो, पण तुझे बाबा असले खुश झाले की सांगायला जागाच ऱ्हायली न्हाई. रंगमास्तरचा जावई, आन् त्याला तांबडं-हिरवं कळत न्हाई. आक्का म्हणाली गप बस, लगीन होऊ दे, मग सांग. मग काय. मग पोरगी झाली. मग बाबा गेले."

तीन चाळण्यांमधली एक यांच्या डोळ्यात जन्मापासून अधू. शंभरात सात-आठ पुरुषांची असते. बाबांनीच मला शिकवलं होतं. ग्रे कापडाच्या, म्हणजे बिनरंगाच्या कापडाच्या मागांवर यांनी सगळं आयुष्य काढलं, आणि मला कधी शंका आली नाही. रोज रंगातले केसभर फरक धरणारी मी!

"मग सांगली?"

"भिंग जुळवून घ्यायला. साधं भिंग मला चालत न्हाई. तिथले डॉक्टर त्यात माझ्यापुरतं काहीतरी बसवतात. तांबडं आन् हिरवं वेगळं दिसतंय मग. तुम्हाला दिसतंय तसलंच दिसतंय का, ते देवाला ठावं." त्यांनी मधला तुकडा उचलला. "नऊ वर्सांपूर्वी पहिल्यांदा घातलं आन् घरी आलो. दारात जास्वंद फुललेली. एवढी वर्सं ते झाड नुसतं पानांचंच वाटायचं मला. मग तू बाहेर आलीस. ओठाला गाभुळी."

मला तो दिवस आठवला. ते झाडापाशी उभे राहून डोळे पुसत होते. भिंग टोचतंय, म्हणाले होते.

"म्हणून काढून बघवत न्हाई," ते म्हणाले. "तू पुन्हा राखेची होतीस."

"आणि त्याआधी अकरा वर्षं 'छान दिसतेस' म्हणत होता, ते?"

"रंग दिसत नव्हता. तू दिसत होतीस की."

वाक्य गोड होतं. गोड वाक्याचा मला अजूनही संशय येतो. पण त्यांनी ते माझ्याकडं न बघता, मधला हिरवा तुकडा बोटांत चोळत, जणू मागाच्या एखाद्या भागाबद्दल बोलावं तसं म्हटलं होतं. मी ते त्या क्षणी पास केलं नाही, नापासही केलं नाही. बाजूला ठेवलं.

*

रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते. भरतेश पाटावर बसून टोमॅटो चिरत होते, डोळ्यांत भिंगं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी जपून बोलत होतो, नुकतं प्लास्टर काढलेल्या हातासारखं.

"आज गाभुळी लई खुललीय," ते म्हणाले.

माझे हात पिठातच थांबले.

जुनी गाभुळी शुक्रवारी संपली होती. नवी कांडी मी त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत टाकली होती. सकाळी उठून तोंड धुतल्यापासून माझ्या ओठांना पाण्याशिवाय काही लागलं नव्हतं. खूण नव्हती, ठिपके नव्हते. म्हणजे भिंगाला आता खुणांचीही गरज उरली नव्हती. त्यानं माझा चेहरा पाठ केला होता, यांची बाहुली पाठ केली होती, आणि तेवढ्यावर ते रंग भरत होतं. उद्या मी आजारी पडेन, पांढरी पडेन. परवा मला तिरडीवर ठेवतील. आणि या माणसाला माझ्या ओठांवर गाभुळी दिसत राहील, ताजी.

मला गप्प बसता आलं असतं. यांच्या आयुष्यातला तो एक रंग होता, उशिरा आलेला. तो काढून घ्यायचा मला काय अधिकार? मी हो म्हटलं असतं तर त्यांचा दिवस चांगला गेला असता. माझाही गेला असता कदाचित. मग वीस वर्षं त्यांनी जे केलं, तेच मी पुढची वीस वर्षं केलं असतं.

"मी काही लावलेलं नाही," मी म्हटलं.

"चेष्टा करतीयास."

"नाही. कालपासून ओठ कोरे आहेत."

ते हसत होते ते हळूहळू थांबलं. माझ्या तोंडाकडं बघत राहिले, मग हातातल्या टोमॅटोकडं. सुरी खाली ठेवली.

"मग ह्यो तांबडा हाय का?"

"आहे."

"खरंच?"

"हो."

"आन् ती कोथिंबीर?"

"हिरवी."

"पडदा? दारावरचा?"

"तो निळा आहे. तुम्हाला निळा दिसतो, तो खराच निळा."

ते सगळ्या स्वयंपाकघरावरून नजर फिरवत होते. डबे, फडकी, खिडकीबाहेरची जास्वंद. गेले काही दिवस मी ज्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत होते, त्याच डोळ्यांनी आता ते सगळ्या जगाकडं बघत होते. मला वाटलं, आपण हे करायला नको होतं.

मग त्यांनी मान खाली घातली, एक भिंग काढलं, दुसरं काढलं, आणि पाण्याच्या वाटीत सोडली. डोळे चोळले. माझ्याकडं बघितलं, राखेच्या माझ्याकडं. पण या वेळी नजर हलवली नाही.

"मग आता सांग," म्हणाले. "काय रंगाचे हाईत?"

"काय?"

"तुझे ओठ. काही न लावता."

आणि मला सांगता येईना. बावीस वर्षं मी सकाळी उठल्या उठल्या त्यांच्यावर चिंच ओढत आले होते. हजारो लॉट पास केले, बाजारातल्या शंभर मरूनांची नावं तोंडपाठ; आणि हा एक रंग मी कधी बघितलाच नव्हता. घरातल्या आरशाला विचारून उपयोग नव्हता.

"थांबा, मलाच बघितलं पाहिजे," मी म्हटलं.

भरतेश उठले. मांडणीवरचं स्टीलचं ताट काढलं, सदऱ्याच्या टोकानं खसाखसा पुसलं, आणि परसदारात जाऊन उन्हाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी पिठाचे हात तसेच घेऊन समोर गेले.

"जरा वर धरा. तिरकं नको. हं."

ताटात एक बाई दिसली, थोडी वाकडी, थोडी रुंद. कोरी. मी वाकून जवळून बघितलं.

"दिसतंय का?"

"दिसतंय. सांगते. पण मी सांगेन तेच खरं धरावं लागेल. तुम्हाला तपासता येणार नाही."

"वीस वर्सं तू माझं धरलंस की," ते म्हणाले. "सांग."

मी ओठांच्या कडेपासून सुरुवात केली.